पंचेचाळीस पैशांचा विमा



शिखरजीचे रेल्वे तिकीट ऑनलाइन काढताना प्रवासविमा हवा का, असे विचारतात. माणशी 45 पैसे. काही जणी ‘यात्रेला निघताना अशुभ कशाला?’ म्हणून नको म्हणतात. आयुष्यकर्म विम्याने बदलत नाही, हे खरेच. पण विमा घरच्यांसाठी असतो. रेल्वे अपघातात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास 10 लाख, इस्पितळाच्या खर्चाला 2 लाखांपर्यंत. तेव्हा तो घ्यावाच, आणि मोबाइलवर लिंक आली की वारसाचे नावही भरावे. खिडकीवरच्या तिकिटाला तो मिळत नाही.

मात्र हा विमा रेल्वेपुरताच. पारसनाथला उतरलो की संपला. आपल्या वयाला खरी काळजी 27 किलोमीटरच्या वंदनेची. कोणाचा पाय घसरतो, कोणाला उपवासात चक्कर येते. तिथे मेडिक्लेमच कामी येतो. त्याचा हप्ता भरलेला आहे ना, हे आधी पाहावे. बँकेतून वर्षाला 20 रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमाही 70 वर्षांपर्यंत मिळतो. अपघाती मृत्यूला 2 लाख.

पूजेच्या सामानासोबत मेडिक्लेमचे कार्ड घ्या, आणि कागद कुठल्या कपाटात आहेत ते सुनेला सांगून निघा.