चार्जरची वायर आणि चिकटपट्टी
लॅपटॉपच्या चार्जरची वायर बहुधा पिनेजवळ, जिथे सारखी वाकते तिथेच तुटते. तिथे चिकटपट्टी गुंडाळली की काम भागते, हा सल्ला धोक्याचा आहे. या वायरीत साधारण १९-२० व्होल्टच असतात, त्यामुळे शॉकची भीती नाही, हे खरे. पण ६५ वॉटच्या चार्जरमधून ३ अँपिअरहून जास्त प्रवाह जातो आणि तुटक्या तारांपाशी वायर तापते. आतल्या तारेभोवती तारांची जाळी असते. दोन्ही टेकल्या की शॉर्टसर्किट. दुरुस्ती करायचीच तर प्लग काढून खराब तुकडा कापावा, सोल्डर करून तार व जाळी या दोन्हींच्या जोडांवर वेगवेगळी हीट-श्रिंक नळी चढवावी. भिंतीकडची २३० व्होल्टची वायर मात्र सरळ बदलावी. नवा अ‍ॅडॅप्टर घेताना पिन व व्होल्टेज तेच, अँपिअर तितके किंवा जास्त, आणि बीआयएसचा नोंदणी क्रमांक पाहूनच पैसे द्यावेत.