अमोनिया शहरात मोजतात, नत्र आपले उडते

शहराच्या हवेत अमोनिया किती, हे मोजायची सोय आहे. हवा पातळ गंधकाम्लातून ओढायची, मग त्यात रसायने घालायची. निळा रंग जितका गडद, तितका अमोनिया जास्त. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली त्याची मर्यादाही ठरवली. दर घनमीटर हवेत चोवीस तासांची सरासरी ४०० मायक्रोग्रॅम, वर्षाची १००.

शहरात हा वायू गटारे, कचरा, वाहनांचा धूर यांतूनही येतो. पण देशाचा हिशेब मांडला तर मोठा वाटा शेतातल्या खताचा आणि जनावरांच्या शेणमुताचा. हवेतल्या आम्लांशी मिळून त्याचे बारीक कण होतात आणि ते फुप्फुसात शिरतात. तेव्हा 'आमचा काय संबंध' म्हणून चालायचे नाही.

शिवाय उडतो तो पैसा आपलाच. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. ओलसर रानावर युरिया फेकून तसाच उघडा ठेवला, वरून ऊन तापले, की त्यातला काही भाग वारा नेतो. चुनखडीच्या जमिनीत तर जास्तच. कडुनिंबाचा लेप आहे म्हणून युरिया उडत नाही, हा समज सोडा. खत हप्त्याने द्या, कोळपून मातीआड करा, नाहीतर लगेच पाणी द्या.

आणि मोजणीची बहुतेक केंद्रे शहरांतच का? एखादे तालुक्याच्या शिवारातही हवे. ग्रामसभांनी तसा ठराव करावा. मोजल्याशिवाय दोष कुणाचा किती, हे ठरायचे कसे?