पुस्तकाला कुलूप कशाला?

‘आपले संशोधन असे उघड्यावर टाकले तर बाहेरचे लोक उचलून नेतील.’ नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने खुली ग्रंथप्रकाशन संस्था उभारावी असा विषय काढला, की हा आक्षेप सर्वांत आधी येतो. खुली म्हणजे काय, तर तज्ज्ञांनी तपासलेले, नीट संपादन झालेले पुस्तक काढायचे आणि त्याच दिवशी त्याची पीडीएफ प्रत कुणालाही विनामूल्य उतरवून घेऊ द्यायची. जगभर ज्याला ओपन अॅक्सेस म्हणतात ते हेच. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे या विद्यापीठाकडे आहेत. मी हिंगोलीच्या बाजूने लिहितो आहे, कारण चोरीच्या भीतीला सर्वांत चोख उत्तर हिंगोलीच्याच पिकात आहे.

वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधीची एक गोष्ट मात्र आपण विसरत चाललो आहोत. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. सीएसआयआरने हरकत घेतली, पण आमच्याकडे घरोघर जखमेवर हळद दाबतात एवढे सांगून तिथे भागण्यासारखे नव्हते. पेटंट कार्यालयाला लेखी पुरावा हवा होता. तेव्हा बत्तीस संदर्भ शोधून पुढे ठेवले गेले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसा भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली छापून आलेला एक निबंधही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. म्हणजे हळद वाचली ती कुणीतरी कधीतरी लिहून, छापून ठेवले होते आणि ते वेळेवर हाती लागले म्हणून. बेणे कसे राखायचे, कंद किती वेळ शिजवायचे, कुठल्या जमिनीत करपा लवकर येतो, हे वसमत-कळमनुरीकडच्या शेतकऱ्यांना पिढ्यांपासून माहीत आहे. ते तारीखवार आणि उघडपणे प्रसिद्ध झाले, तर उद्या त्यावर हक्क सांगायला येणाऱ्याला तोच छापील पुरावा आडवा येईल. ज्ञान कपाटात ठेवून त्याची राखण होते, ही समजूत आपण सोडायला हवी.

दुसरा आक्षेप दर्जाचा. फुकट मिळते ते हलके असते, असे प्राध्यापक मंडळी म्हणतात, आणि ते असे का म्हणतात हे मला समजते. ‘पैसे पाठवा, आठवड्यात निबंध छापून देतो’ असे निरोप त्यांच्या फोनवर सतत येत असतात. बढतीच्या गुणांसाठी असल्या नियतकालिकांची एक बाजारपेठच उभी राहिली, आणि तिला आळा घालायला यूजीसीला २०१९ मध्ये केअर यादी करावी लागली. पण या व्यवहारातला दोष नेमका कुठे आहे ते पाहावे. लेखकाकडून पैसे घेतले आणि निबंध कुणी तपासलाच नाही, हा तो दोष. वाचकाला तो विनामूल्य मिळाला, यात दोष कसला?

खुले आणि दर्जेदार एकत्र नांदतात याचा दाखला औंढा नागनाथ तालुक्यातच उभा राहतो आहे. दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे, एकमेकींशी काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ ला झाली. सहाच दिवसांनी केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींचा खर्च मंजूर केला. ज्या शोधनिबंधातून तो शोध जगापुढे आला, तो ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली प्रसिद्ध झाला. औंढ्याच्या स्टँडवर बसून फोनवर तो उघडून पाहावा. पैसे मागणारी पाटी आडवी येत नाही. पहिल्याच आकृतीत दोन नागमोडी रेघा आहेत, अमेरिकेतल्या हॅनफर्ड वेधशाळेची तांबडी आणि लिव्हिंग्स्टन वेधशाळेची निळी. लिव्हिंग्स्टनला लहर आधी पोचली, हॅनफर्डला सुमारे सात हजारांश सेकंदांनी. एका सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात संपलेली ती थरथर कुणालाही विनामूल्य पाहता येते, आणि त्या शोधाला २०१७ चे नोबेल मिळाले. याला हलके कोण म्हणेल? आपल्या माळावर तशीच वेधशाळा येते आहे. तिच्याबद्दल मराठीत, विद्यापीठाच्या पातळीचे, कुणालाही वाचता येईल असे पुस्तक असावे, ही मागणी मला अगदी साधी वाटते.

‘शोधगंगा आहेच की,’ हे उत्तर मात्र मला अस्वस्थ करते. शोधगंगा ही मोठीच सोय आहे, तिच्याविषयी कृतज्ञता आहे. यूजीसीच्या २००९ च्या नियमामुळे देशभरचे पीएचडी प्रबंध तिथे जमा होऊ लागले. पण एखादा जुना मराठी प्रबंध तिथून उतरवून घ्या. मुखपृष्ठाची एक फाइल, प्रमाणपत्राची दुसरी, ऋणनिर्देशाची तिसरी, मग एकेक प्रकरण सुटे. यांतले कितीतरी प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फाँटांत टाइप केलेले किंवा नुसते स्कॅन केलेले. त्यातला परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला, की मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि स्वल्पविरामांचा खच पडतो. पानावर ‘नामदेव’ हे नाव डोळ्यांना दिसते, शोधयंत्राला दिसत नाही. अशा प्रबंधाला खुला म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शिवाय प्रबंध हा परीक्षकासाठी लिहिलेला असतो. गृहीतके, संशोधनपद्धती आणि आधीच्या ग्रंथांचा आढावा यांत पहिली शंभर पाने जातात. त्यातून पुस्तक काढायचे तर कुणालातरी बसून निम्मा मजकूर गाळावा लागतो, उरलेला पुन्हा लिहून घ्यावा लागतो, सूची करावी लागते, गावांची नावे नकाशावर तपासावी लागतात. प्रकाशन संस्था लागते ती या कामासाठी. संकेतस्थळ काढणे हे त्यातले सर्वांत सोपे काम.

आता पैशाचा प्रश्न. हा आक्षेप वजनदार आहे, आणि खुल्या प्रकाशनाचे समर्थक तो टाळून जातात हे मला पटत नाही. लंडनच्या यूसीएल प्रेसने २०१५ पासून सगळी पुस्तके खुली केली, तीच पुस्तके छापील रूपात विकलीही. पण परदेशातल्या अनेक प्रकाशकांकडे पुस्तक खुले करायचे तर लेखकाला किंवा त्याच्या संस्थेला हजारो पौंड भरावे लागतात. सेनगावच्या महाविद्यालयातला प्राध्यापक ते कुठून भरणार? ही रीत आपण उचलूच नये. वाचकाकडून पैसा नाही आणि लेखकाकडूनही नाही, अशी दुसरी रीत आहे, आणि ती आपल्याकडे चालत आलेली आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीची ‘रेझोनन्स’सारखी नियतकालिके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तके जालावर मोकळी केली आहेत. मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे. जनतेच्या पैशातून झालेला ग्रंथ जनतेला मोकळा, हा व्यवहार महाराष्ट्राने आधीच मान्य केलेला आहे. विद्यापीठ त्याला अपवाद का असावे?

आणि सरकारकडे पैसा नाही असेही नाही. ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके वाचण्यासाठी. योजना उपयोगी आहे, तिला माझा विरोध नाही. पण पहिल्या टप्प्यात ती सरकारी व्यवस्थापनाच्या संस्थांपुरती आहे, आणि हिंगोली जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालये शिक्षण संस्थांनी चालवलेली आहेत. कुठल्याच हजेरीपटावर नाव नसलेला शेतकरी, शाळामास्तर, कीर्तनकार, पत्रकार यांचा तर त्यात विचारही नाही. वर्गणी थांबली की वाचन थांबते. खुले पुस्तक एकदा काढले की ते राहते.

काय काढावे, याचीही वानवा नाही. हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे संत नामदेवांचे गाव. राज्य सरकारने १९७० मध्ये नामदेव गाथा काढली. नामदेवांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि नामदेवांशी नाते सांगणाऱ्या पंजाबातल्या घुमानला २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नामदेवांच्या स्मृतिपरंपरेचा थोर अभ्यास अमेरिकेतल्या ख्रिश्चन नोवेत्झके यांनी केला आणि तो २००८ साली कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने इंग्रजीत काढला. नर्सीच्या वारकऱ्यापर्यंत तो जाणार कसा? गाथेतल्या पाठभेदांवर, नर्सीच्या यात्रेवर, घुमानशी असलेल्या नात्यावर मराठीत काम करणाऱ्यांना नांदेडने हात द्यावा. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. त्या काळाचे कागद उर्दू, फारसी, इंग्रजी आणि मोडीत विखुरलेले आहेत, आणि उर्दू-मोडी वाचणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या गावोगावच्या आठवणी सांगणारे तर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.

सुरुवात लहान असली तरी चालेल. वर्षाला तीन पुस्तके, पूर्ण वेळ काम करणारे दोन संपादक, प्रत्येक हस्तलिखित विद्यापीठाबाहेरच्या दोन जाणकारांकडून तपासून घेण्याचा कडक नियम, आणि कुलगुरू बदलले तरी न बदलणारे संपादक मंडळ. मजकूर युनिकोडमध्येच असावा. परवाना असा असावा की लेखकाचे नाव कायम राहील आणि शिक्षकाला प्रकरण छापून वर्गात वाटता येईल. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी मोजक्या छापील प्रती काढाव्यात, कारण जवळा बाजार किंवा आखाडा बाळापूरच्या वाचनालयात येणारा म्हातारा वाचक फोनच्या पडद्यावर तीनशे पाने वाचणार नाही, आणि त्याच्यावर तशी सक्ती करण्याचा कुणाला अधिकारही नाही.