पेन्शन हें दान नव्हे

दिंडोशीस मुंबईच्या शहर दिवाणी व सत्र न्यायालयाचा एक विभाग भरतो. आजूबाजूच्या मालाड-गोरेगांवच्या वस्त्यांत कोंकणांतून आणि घाटावरून आलेलीं शेतकऱ्यांचीं व कारागिरांचीं घरें पुष्कळ आहेत. कोणाचा बाप, कोणाचा भाऊ, कोणाचा नवरा पलटणींत नोकरी करून आलेला असतो. अशा घरांतलें पेन्शन अडलें, जखमेचा पैसा नाकारला गेला, विधवेच्या नांवांत कारकुनी चूक निघाली, म्हणजे जवळचें कोर्ट म्हणून माणूस दिंडोशीकडे पाहतो. पण तो दावा तेथें चालत नाहीं. २००७ सालच्या कायद्यानें सैनिकांच्या नोकरीचे व पेन्शनचे तंटे सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे दिले असून त्याचें एक खंडपीठ मुंबईंतच आहे. दार आहे, पण दार दाखविणारा भेटत नाहीं, आणि मग शिपाई घरीं येऊन म्हणतो, "जाऊं द्या, सरकारनें दिलें तेवढें दिलें!"

वाचकहो, आमचें भांडण या "दिलें तेवढें दिलें" शीं आहे. देवळाच्या पायरीवर बसून घ्यावें तें दान. ज्यानें बर्फांत आणि वाळवंटांत उमेदीचीं वर्षें घालविलीं, त्याची मागें राहिलेली मजुरी म्हणजे पेन्शन. हा फरक ज्यास लहानपणापासून कळला, ज्यानें वकिली केली, कांहीं दिवस लष्करी अधिकाऱ्याचा पोशाखही अंगावर चढविला, आणि शिपायांच्या घराण्यांचा हक्क जन्मभर मांडला, त्या पुरुषाचें चरित्र या बाजूनें आमच्या घरांत फारसें वाचलें जात नाहीं. तो पुरुष म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. घटनेचे शिल्पकार म्हणून त्यांस सारें जग ओळखतें. सुभेदाराचा मुलगा म्हणून त्यांची ओळख आम्हांस अधिक जवळची वाटली पाहिजे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजीं महूच्या लष्करी छावणींत झाला. वडील रामजी हे सुभेदार, आजोबा मालोजी हेही पलटणींतले, आणि आई भीमाबाई यांचें मुरबाडकर घराणेंही लष्करांतलेंच. रामजी सुभेदार लष्कराच्या शाळेंत हेडमास्तर होते. गांवच्या शाळेंत ज्या जातीच्या मुलास पाटीला हात लावूं देत नव्हते, त्या जातीचा माणूस छावणींत गुरुजी झाला! हा चमत्कार कोणा शास्त्रीबुवांनीं केला नाहीं. पलटणीस लिहितां-वाचतां येणारा शिपाई हवा होता म्हणून तो घडला.

शेतकरी बंधूंनो, त्या काळीं या नोकरीची खरी किंमत काय होती तें ध्यानांत घ्या. कोंकणांत जमीन खोताची, पीक खोताच्या डोळ्यांपुढें, आणि कर्ज सावकाराच्या वहींत. महाराच्या वांट्यास तर वतनाची रात्रंदिवस राबणूक आणि बदल्यांत बलुत्याची मूठभर धान्यें. अशा घरांत पलटणीचा पगार व पुढें पेन्शन येई ती रोकड असे. तिला खोताचा हात लागत नसे आणि पाटलाची परवानगी लागत नसे. त्या रोकडीवर मुलें शिकत, कपडे स्वच्छ होत, मान ताठ होई. पेन्शनीच्या घराची भीति गांवच्या मिरासदारांस कां वाटे, हें आतां निराळें सांगावयास नको.

हेंच दार १८९२ सालाच्या सुमारास बंद झालें. इंग्रज सेनापतींच्या डोक्यांत "लढवय्या जाती" नांवाचें खूळ शिरलें आणि महारांची भरती थांबविण्यांत आली. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांवीं भीमेच्या कांठीं ज्यांनीं रक्त सांडलें, ज्यांचीं नांवें तेथल्या स्तंभावर इंग्रजांनींच कोरलीं, तेच लोक आतां लढण्यास नालायक ठरले. गरज सरो, वैद्य मरो!

आमच्या लोकांचें मोठेपण असें कीं ते रडत बसले नाहींत. त्यांनीं लेखणी घेतली. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणींतून निवृत्त होऊन दापोलीस राहिले होते. ते जोतीराव फुल्यांच्या विचाराचे. दापोलीच्या अनार्य दोष परिहारक मंडळीच्या वतीनें १८९४ सालीं त्यांनीं सरसेनापतीकडे करावयाचा अर्ज तयार केला. रामजी सुभेदारांनींही या बंदीविरुद्ध धडपड केली व अर्जाच्या कामीं न्यायमूर्ति रानड्यांचें साह्य घेतलें. मदत कोणाकडून झाली हें सांगण्यास आम्ही कचरत नाहीं. न्यायाच्या बाजूस जो उभा राहिला त्याचें नांव घेतलेंच पाहिजे. १९१० सालीं पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनीं थेट विलायतेंतील स्टेट सेक्रेटरीकडे अर्ज धाडला. सरकार हललें नाहीं. पहिलें महायुद्ध पेटलें तेव्हां मात्र माणसें कमी पडूं लागलीं आणि १९१७ सालीं महारांची १११ वी पलटण उभी राहिली. युद्ध संपलें, आणि १९२१ सालीं ती मोडली. पुन्हा गरज सरली, पुन्हा वैद्य मेला.

सुभेदाराच्या मुलांस बाहेरच्या जगांत काय मान होता तेंही पाहा. दिंडोशीस लागून आहे तें गोरेगांव नव्हे, सातारा जिल्ह्यांत खटाव तालुक्यांत दुसरें गोरेगांव आहे. तेथें दुष्काळी कामावर रामजी खजिनदार होते. १९०१ सालीं भीमराव व इतर मुलें त्यांच्या भेटीस निघालीं आणि मसूर स्टेशनावर उतरलीं. कपडे नीटनेटके पाहून स्टेशनमास्तरानें आपुलकीनें चौकशी केली; जात कळतांच तो मागें सरला. गाडीवान गाडींत बसवीना. शेवटीं दुप्पट भाडें ठरलें, मुलांनीं गाडी हांकावयाची आणि गाडीवानानें बाजूनें चालावयाचें! वाटेंत रात्रभर कोणी पाणी दिलें नाहीं. सुभेदारी छावणीच्या फाटकापर्यंतच चालली. फाटकाबाहेर शिपायाची जातच तेवढी विचारली गेली.

१९१२ सालीं भीमराव बी. ए. झाले. जानेवारी १९१३ मध्यें बडोदें संस्थानच्या फौजेंत ते लेफ्टनंट म्हणून रुजू झाले. पण थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजाराची तार आली आणि २ फेब्रुवारीस सुभेदारांनीं देह ठेवला. पुढें सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर त्यांनीं अमेरिकेंत शिक्षण घेतलें आणि १९१७ सालीं ते परत बडोद्यास आले. महाराजांनीं त्यांस मिलिटरी सेक्रेटरीची जागा दिली. परंतु शहरांत राहण्यास खोली मिळेना, आणि कचेरींतले शिपाई कागद लांबून टेबलावर फेकीत. विद्या आहे, हुद्दा आहे, राजाचा आश्रय आहे, तरी हा प्रकार. एकट्या माणसाची बढती म्हणजे समाजाची सुटका नव्हे, हा धडा त्यांस बडोद्यानें पक्का शिकविला.

१९२२ सालीं ते ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले व १९२३ सालीं मुंबई हायकोर्टांत वकिली करूं लागले. श्रीमंत अशिलांची रांग त्यांच्या दारीं लागली नाहीं. गिरणीकामगार आणि गांवोगांवचे नाडलेले लोक मात्र आले. आमच्या ब्राह्मणेतर चळवळीचें ऋणही सांगितलें पाहिजे. "देशाचे दुश्मन" या पुस्तकाबद्दल दिनकरराव जवळकर व केशवराव जेधे यांस शिक्षा झाली, तेव्हां अपिलांत त्यांची बाजू बाबासाहेबांनीं मांडली आणि १९२६ सालीं ते सुटले.

आतां शिपायांचें काम. १ जानेवारी १९२७ रोजीं ते कोरेगांवच्या स्तंभापाशीं गेले आणि आपल्या लोकांस पूर्वजांच्या पराक्रमाची आठवण दिली. १९३० च्या गोलमेज परिषदेंत त्यांनीं सरकारास तोंडावर विचारलें कीं, लष्करी नोकरी आज आम्हांस खुली आहे काय? संरक्षणाच्या पोटसमितींतही त्यांनीं लष्करभरती सर्व हिंदी लोकांस, अस्पृश्यांसह, लायकीप्रमाणें खुली करा असा आग्रह धरला. जातीचा हट्ट नाहीं, लायकीची कसोटी ठेवा! १९४१ सालीं व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर त्यांची नेमणूक झाली आणि त्याच वर्षीं १ ऑक्टोबरास बेळगांवीं महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. वलंगकरांच्या अर्जाचें उत्तर ४७ वर्षांनीं मिळालें.

कोणी म्हणेल, परक्यांच्या फौजेंत जागा मागणें हा कसला देशाभिमान? प्रश्न योग्य आहे, तेव्हां उत्तरही सरळ देतों. फौज परक्यांची होती, पण पोट आणि अब्रू आपली होती. आणि त्याच फौजेंत इतर जाति भरती होत असतां हा आक्षेप त्यांच्याकडे कोणी वळविला नाहीं. शिवाय इंग्रज गेले, पलटण राहिली. ती पुढें सर्व प्रांतांच्या जवानांस खुली झाली. जनरल कृष्णराव व जनरल सुंदरजी हे दोन सरसेनापति त्याच रेजिमेंटचे. १९८७ सालीं श्रीलंकेंत पडलेले परमवीर मेजर रामस्वामी परमेश्वरन तिचेच. देशाचें नुकसान झालें तें कोठें?

बाबासाहेबांची नजर पलटणीवरच थांबली नाहीं, हेंही विसरूं नका. शिपाई ज्या घरीं परत येतो तें घर खोताच्या आणि वतनाच्या जोखडांत असेल तर पेन्शन किती पुरणार? म्हणून १९२८ सालीं त्यांनीं महार वतनाचें बिल आणलें, १९३७ सालीं खोती मोडण्याचें बिल आणलें आणि जानेवारी १९३८ मध्यें हजारों शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला.

पुढें ज्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते, त्या घटनेच्या १४ व्या कलमानें पेन्शनीच्या हातीं हत्यार दिलें. सरकारनें १९७९ सालीं पेन्शनचें नवें सूत्र काढलें, पण ठराविक तारखेच्या आधीं निवृत्त झालेल्यांस वगळलें. १७ डिसेंबर १९८२ रोजीं नकारा खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं सांगितलें कीं पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे, आणि केवळ तारखेवरून एकास उपाशी व दुसऱ्यास तुपाशी ठेवतां येणार नाहीं. दापोलीचे पेन्शनर जें अर्जांत मागत होते तें आतां निवाड्यांत उतरलें.

मात्र त्याच घटनेच्या ३३ व्या कलमानें संसदेस सैनिकांचे हक्क आटोपते ठेवण्याचा अधिकार आहे. नोकरींतल्या जवानास संघ काढतां येत नाहीं, मोर्चा काढतां येत नाहीं. शिस्तीसाठीं हें समजण्यासारखें आहे. पण म्हणूनच त्याच्या वतीनें बोलणारा वकील आणि त्याच्या मागें उभा राहणारा गांव अधिक हवा. २०२२ सालीं अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, चौघांपैकीं फार तर एक कायम, बाकीच्यांस सुमारें ११ लाख ७१ हजार रुपये आणि पेन्शन नाहीं. लष्कर तरुण राहावें व खर्च आटोक्यांत राहावा, असें सरकारचें म्हणणें. असेल! पण एकविसाव्या-पंचविसाव्या वर्षीं घरीं परतणारा शेतकऱ्याचा पोर पुढें काय करणार, याचा हिशेब मागणें हा देशद्रोह नव्हे. १८९२ चें आणि १९२१ चें साल ज्यांच्या घरांत घडलें त्यांनीं तो मागितलाच पाहिजे.

आतां कामाचें सांगतों. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम आणि मेडिकल बोर्डाचा कागद जमिनीच्या उताऱ्याइतका जपा. लग्नाची व मुलांची नोंद रेकॉर्ड ऑफिसांत वेळेवर करा. नाहींतर विधवेस वर्षानुवर्षें खेटे घालावे लागतात. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरांत द्या. अडचण आली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत जा, आणि तेथें भागलें नाहीं तर न्यायाधिकरणांत. तेथें वकील देतां येतो, तसें स्वतः उभें राहतांही येतें. उशीर झाला म्हणून हातपाय गाळूं नका, पण आणखी उशीरही करूं नका. पेन्शन दर महिन्यास बुडतें म्हणून जुना दावाही चालतो, मात्र थकबाकी बहुधा तीनच वर्षांची मिळते, असें सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं ठरविलें आहे. भरतीच्या वेळीं आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीमुळें झाला असें धरून संशयाचा फायदा शिपायास द्यावा, असें २०१३ सालीं ठरलें. सप्टेंबर २०२३ पासून यासंबंधीं नवे नियम लागू झाले आहेत. त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनीं ते आधीं समजून घ्यावे.

आणि घरांत एक तरी मुलगा किंवा मुलगी कायदा शिकेल असें करा. वलंगकरांनीं, रामजी सुभेदारांनीं, शिवराम जानबांनीं अर्ज केले. तो अर्ज सरकारच्या तोंडावर वाचून दाखविणारा बॅरिस्टर पुढच्या पिढींत जन्मास आला. तुमच्या घरांतला अर्ज कोण वाचून दाखविणार?