तक्रारीचा उगम

सभा म्हटली की माझ्या अंगावर काटा येतो, हे या सदराच्या वाचकांस पुरेपूर ठाऊक आहे. परंतु गेल्या आठवड्यात आमच्या वसाहतीमागून वाहणाऱ्या नाल्याविषयी सर्व संबंधितांची सभा खुद्द आमच्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये भरली, आणि खुर्च्या आमच्या घरातून गेल्यामुळे त्यांच्यामागोमाग मलाही जावे लागले.

हकीकत थोडक्यात अशी: हा नाला खाम नदीस मिळतो आणि जटवाड्याच्या डोंगरात उगम पावलेली खाम हर्सूलवरून शहरात उतरून, मकाई दरवाजा आणि पाणचक्कीपाशी घटकाभर ऐतिहासिक होऊन, पुढे नाथसागराकडे, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाकडे, जाते. २०२१ पासून महानगरपालिका, छावणी परिषद, व्हेरॉक ही कंपनी आणि इकोसत्त्व ही संस्था यांनी एकत्र येऊन तिच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले आहे, आणि एरवी नाक दाबून ओलांडावा लागणारा काठ काही ठिकाणी बसण्याजोगा झाला आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

आमच्या सभेत घरमालकांनी शेणाबद्दल गोठेवाल्यांस जबाबदार धरले. गोठेवाल्यांनी प्लास्टिकचा उगम वरच्या अंगाच्या मंगल कार्यालयात दाखविला. आणि कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी, चहाचा रिकामा कागदी पेला अदबीने खुर्चीखाली सारीत, खरा दोष त्याहून वरच्या वस्तीतील फुटक्या ड्रेनेजचा असल्याचे निवेदन केले. वरच्या वस्तीस आमंत्रणच नव्हते, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला. ‘शेण उचलायला गाडी कोण देणार?’ असे एका म्हाताऱ्या गोठेवाल्याने दोनदा विचारले. त्याची नोंद इतिवृत्तात नाही.

आता याच सज्जनांसमोर जायकवाडीचा विषय काढावा! २००५ च्या पाण्याच्या कायद्यातील समन्यायी वाटप, २०१४ च्या आदेशातला जायकवाडीचा ६५ टक्क्यांचा साठा, नाशिक-नगरच्या वरच्या धरणांचा अप्पलपोटेपणा, हे सारे त्यांस तोंडपाठ असते, कारण तेथे आपण पायथ्याशी आहोत. खामच्या बाबतीत मात्र माथ्यावर आपण आहोत. आपण तिच्यात जे सोडतो ते नाथसागराच्या वाटेला लागते, आणि शहराचे पिण्याचे पाणी त्याच नाथसागरातून, मध्ये कितीएक दिवसांचा खाडा पाडून का होईना, आपल्या नळास येते.

‘माथा ते पायथा’ हा पाणलोटाच्या कामाचा मूलमंत्र मराठवाड्यात विजयअण्णा बोराडे यांच्यासारख्यांनी रुजविला. शेजारच्या जालना जिल्ह्यातील कडवंचीत आधी डोंगरउतारावर समतल चर आणि शेतांत बांधबंदिस्ती झाली, शेततळी व द्राक्षबागा मागाहून आल्या, आणि त्या बागा पाहावयास आता लांबून लोक येतात. अशा कामात ठिकठिकाणी चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी लागते, आणि मला नेहमी शेळीवाल्याची काळजी वाटते. डोंगर बंद झाला की पहिला उपास त्याच्या शेळ्यांना घडतो, पाणी मात्र वाढते ते पायथ्याच्या बागायतदाराच्या विहिरीला. आणि ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्यास ‘सहभागी’ म्हणून श्रमदानाचे फावडे तेवढे मिळते.

पुरंदर तालुक्यातील नायगावात काम करणाऱ्या विलासराव साळुंखे यांस १९७२ च्या दुष्काळानंतर हे उमगले असावे. त्यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या संख्येने दिले: माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबास फार तर अडीच एकरांचे, उसाला मज्जाव, आणि भूमिहीनासही वाटा. जमीन नसलेल्या माणसाचा हा पाण्याचा हक्क, सातबाऱ्यावाचून ज्या महसूल खात्याचे पान हलत नाही, तेथील कोणत्या तलाठ्याने कोणत्या रकान्यात लिहावा, याचा मी सभा संपल्यापासून विचार करीत आहे.