आधी वजनं तपासा

दोस्तांनो, पृथ्वीच्या तापाला भाव लागलाय. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला तर नुकसान किती डॉलर, हे अर्थशास्त्रज्ञ सांगतात. सांगा बापहो. पण तराजू दाखवा की!

मी त्यांचा एक तराजू बघितला. नाव डाईस. मराठीत फासे. टाकणारा एक, हरणारा भलताच. येल विद्यापीठाच्या विल्यम नॉर्डहाउस यांचं हे मॉडेल. 2018 साली त्यांना नोबेल मिळालं. हवामानशास्त्राची मोठी मॉडेलं महासंगणकावर चालतात, वेळ खातात. अर्थशास्त्रज्ञाला तोच हिशेब हजारदा मांडायचा असतो. म्हणून तो अख्खी पृथ्वी मूठभर समीकरणांत कोंबतो. याला माझी हरकत नाही. छोटं म्हणजे खोटं नव्हे. वाणीही छोट्या तराजूवर तोलतो. पण त्याच्या वजनांवर सरकारी शिक्का असतो. यांच्या वजनांवर कोणाचा?

परीक्षा अवघड नाही. मॉडेलच्या हवेत एकदम 100 अब्ज टन कार्बन सोडायचा आणि बघायचं. मोठी मॉडेलं सांगतात, साधारण 10 वर्षांत तापमान शिगेला पोचतं आणि शतकानुशतकं फारसं उतरत नाही. डाईसच्या 2016च्या आवृत्तीत तेच तापमान अनेक दशकं रेंगाळत चढतं. 2021 साली डोरिस फोलिनी आणि सहकाऱ्यांनी अशा चार परीक्षा लावल्या. निकाल काय? साचा कामाचा आहे, त्यात भरलेले आकडे चुकलेत.

दशकं इकडची तिकडं झाली, बिघडलं कुठं? बिघडलं वटावात. भविष्यातलं नुकसान हे लोक आजच्या भावात आणताना दरसाल काटछाट करतात. 5 टक्के धरा. 10 वर्षांनी होणारं 100 रुपयांचं नुकसान आज 61 रुपये. तेच 60 वर्षांनी होणार म्हटलं की आज फक्त 5 रुपये! पूर तोच, वाहून गेलेलं घर तेच. नुसती तारीख ढकलली.

हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण चूक कोणाच्या पथ्यावर पडली ते बघा. ज्याला थांबणं परवडतं त्याच्या. भर उन्हात राबल्याशिवाय ज्याची चूल पेटत नाही, त्याला कोण थांबा म्हणणार? अमेरिकन सरकारने 2010मध्ये नियमांसाठी टनाचा भाव काढला, तेव्हा वापरलेल्या तीन मॉडेलांत डाईसही होतं. म्हणजे हा वर्गातला पाढा नव्हता. यावर कारभार चालला.

2023च्या आवृत्तीत हवामानाचा भाग बदलला. बरं झालं. तपासलं की सुधारतं, हेच मी म्हणतोय. पण तोवर हवेत गेलेला कार्बन परत येत नाही.

म्हणून मागणी एकच. परीक्षा आधी, भाव नंतर. आणि परीक्षेचा निकाल भावाच्या शेजारीच छापा, आम्हाला वाचता येईल अशा अक्षरात.