बारीक माणसाचा मधुमेह

महाडचं नाव जगाच्या वैद्यकात गेलं ते विंचवामुळे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा लाल विंचू चावलेला धडधाकट शेतकरी घामाने निथळत, हातपाय गार पडलेल्या अवस्थेत यायचा आणि काही तासांत फुफ्फुसात पाणी भरून दगावायचा. १९८२ साली त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने हे मरण आटोक्यात आलं. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली. एवढी गोष्ट महाड-पोलादपुरात बहुतेकांना ठाऊक आहे. तिचा एक भाग मात्र सहसा सांगितला जात नाही.

विंचवाचं विष भिनलं की ॲड्रेनलिनसारखी संप्रेरकं रक्तात एकदम उसळतात. चरबीच्या पेशींची कुलुपं उघडतात, मेदाम्लं, म्हणजे फॅटी ॲसिड्स, रक्तात मोकळी सुटतात. इन्सुलिन दबून जातं, साखर चढते. मुंबईतले डॉ. राधाकृष्ण मूर्ती यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवलं आणि विंचूदंशावर उपचार म्हणून इन्सुलिन द्यावं, असं मांडलं. उपचार कोणता चांगला यावर वाद झाले, पण रक्तात काय घडतं यावर फारसे झाले नाहीत. मोकाट मेदाम्लं, दुबळं इन्सुलिन आणि चढलेली साखर हे त्रिकूट महाडच्या दवाखान्यांत विंचवाच्या रुग्णाच्या अंगात काही तासांत दिसायचं. मधुमेहात हेच त्रिकूट वीस-तीस वर्षं घेऊन जमतं. घाम नाही, थरकाप नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही इतकंच.

मधुमेह म्हणजे साखरेचा आजार, ही आपली समजूत नावातूनच आली. ‘डॉक्टरांनी साखर सांगितली’ म्हणायचं आणि चहातली साखर बंद करायची. चरकाने मात्र प्रमेहाची कारणं सांगताना बसून राहण्याचं सुख, झोप, दही, नवं धान्य, गूळ हे सगळं एकत्र घेतलं आणि बिघडणाऱ्या धातूंत मेदाचं नाव आवर्जून घातलं. आधुनिक विज्ञान त्या जागी फार उशिरा आलं. १९६३ साली इंग्लंडमध्ये फिलिप रँडल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्नायूंना जळण म्हणून मेदाम्लं मुबलक मिळाली की ते साखरेकडे पाठ फिरवतात. साखर मग रक्तातच फिरत राहते. चरबी त्वचेखाली साठली तर फारसं बिघडत नाही. ती जागा भरली, किंवा मुळातच अपुरी असली, की मेदाम्लं यकृतात, स्नायूंत आणि स्वादुपिंडात शिरतात. तिथे शिरलेली चरबी वजनकाट्यावर दिसत नाही.

आता सावित्रीच्या खोऱ्याकडे पाहू. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत सपाट जमीन थोडी आणि डोंगरउतार भरपूर. खाली भात, वर वरकस, म्हणजे उतारावरची हलकी जमीन. वरकसावर नाचणी, मग वरी, मग तीळ किंवा कारळे आणि त्यानंतर जमीन काही वर्षं पडीक. खोतीच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या खोतांच्या, अमलात भाताचा अर्धा आणि वरकसाचा तिसरा हिस्सा द्यावा लागे. कुळाच्या घरात उरे ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचं. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्याने. ज्या महाडने १९२७ साली चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह पाहिला, तिथे अन्नाची वाटणीही जातीनुसार आणि जमिनीनुसारच होत होती, हे वेगळं सांगायला नको.

त्या काळाच्या ताटाचे गोडवे गाणारे लेख मी बरेच वाचले आहेत आणि मला ते पटत नाहीत. ते ताट अर्धपोटी होतं. पण त्यात काय होतं हे नीट पाहण्यासारखं आहे. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, एखादी रानभाजी, पळीभर तेल. सुकट आणि बोंबील खाडीच्या वाटेने बाजारात यायचे. गरिबाच्या पोटात ओमेगा-३ जातीची मेदाम्लं जात ती याच वाटेने. कारळ्याच्या तेलात लिनोलेइक आम्लाचं प्रमाण बहुतेक तेलांपेक्षा जास्त, सत्तर टक्क्यांच्या घरात. तीळ त्याच्या बरेच मागे, चाळीसच्या आसपास. डोंगरमाथ्यावरच्या गवळी धनगरांकडून लोणी-तूप खाली यायचं, पण ते विकत घेणारी घरं मोजकीच. एकूण स्निग्ध पदार्थ थोडे, तेही बीजातून, माशातून, म्हशीच्या दुधातून आलेले. आणि खाल्लेलं पचवायला नांगरणी, लावणी, कवळतोड आणि डोक्यावर भारा घेऊन चढलेली चढण होतीच.

मग मुंबई आली, खरं म्हणजे आपण मुंबईला गेलो. गिरण्यांनी कोकणातला तरुण उचलला, गावी मनिऑर्डर यायला लागली. ज्या घरातले हात मुंबईत, त्या घरचं वरकस हळूहळू ओस पडलं. नाचणी कष्टाची, तांदूळ दुकानात मिळणारा. रेशनने तर तांदळाला घरोघर पोचवलं आणि उपासमार हटवली. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. १९३७ मध्ये डालडा हे वनस्पती तूप भारतात तयार होऊ लागलं आणि त्यातून ट्रान्स मेदाम्लं बेकरीच्या खारी-बटरमध्ये शिरली. त्यांचं प्रमाण दोन टक्क्यांवर आणण्याचा नियम लागू झाला तो थेट जानेवारी २०२२ पासून. मधे पंचाऐंशी वर्षं गेली. १९८२ च्या संपाने गिरणगाव मोडलं, कित्येकजण गावी परतले, पण परतले ते मुंबईची चहा-खारी घेऊन. मोडलेला बांध पुन्हा घालायला फार थोडे गेले. पुढे महाडची औद्योगिक वसाहत, महामार्ग आणि त्यावरच्या वडापावच्या गाड्या. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली आणि स्वस्त तेल म्हणजे पामतेल हे समीकरण पक्कं झालं. त्यातली मेदाम्लं चव्वेचाळीस टक्क्यांच्या आसपास पामिटिक.

इथे वाचक म्हणेल, चला, खलनायक सापडला. प्रकरण इतकं सरळ नाही. २०१४ मध्ये युरोपातल्या आठ देशांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नंतर मधुमेह झालेल्या बारा हजारांहून अधिक लोकांचं, तो होण्यापूर्वी साठवलेलं रक्त त्यात तपासलं होतं. ज्यांच्या रक्तात पामिटिकसारखी सम कार्बनसंख्येची संपृक्त मेदाम्लं जास्त, त्यांना मधुमेहाचा धोका जास्त. पंधरा आणि सतरा कार्बनांची, मुख्यतः दुधातुपातून येणारी मेदाम्लं जास्त, त्यांना कमी. २०१७ मध्ये दहा देशांतले वीस अभ्यास एकत्र केले गेले, त्यात लिनोलेइक आम्ल जास्त असणाऱ्यांचा धोका सुमारे एकतृतीयांशाने कमी दिसला. हे परस्परसंबंध आहेत, कार्यकारणाचा निवाडा नव्हे. शिवाय ही माणसं बहुतांशी पाश्चात्त्य. पण यातली खरी मेख वेगळीच आहे: रक्तातलं पामिटिक आम्ल फक्त तेलातून येत नाही. पॉलिश तांदूळ, मैदा, साखर आणि दारू जास्त झाली की यकृत स्वतःच ते तयार करतं. म्हणजे तेल अजिबात न खाणारा, पण दोन वेळा ताटभर पांढरा भात आणि दिवसात पाच कप गोड चहा घेणारा माणूस आपलं पामिटिक घरच्या घरी बनवत असतो. ‘डॉक्टर, मी तेलकट खातच नाही’ या वाक्याला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही.

याहून महत्त्वाचा शोध घाट चढून गेल्यावर, पुण्यात लागला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, सरासरी बेचाळीस किलो वजनाच्या या स्त्रिया. त्यांची बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. मापं घेतली तेव्हा पुण्याचं बाळ स्नायूंत, पोटाच्या घेरात, सगळ्यात कमी भरलं, पण पाठीच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने बरीच टिकून राहिलेली निघाली. पुण्यातल्याच दुसऱ्या अभ्यासात नाळेच्या रक्तात इन्सुलिनही चढं दिसलं. जन्मवेळी कमी वजनाचे पुरुष साठीत मधुमेहाकडे अधिक झुकतात, हे हेल्स आणि बार्कर यांनी १९९१ मध्ये हर्टफर्डशरच्या जुन्या नोंदवह्यांतून दाखवलंच होतं. पुण्याने त्यात भर घातली: आपलं बाळ बारीक असतं, पण स्निग्ध असतं. २००४ मध्ये याज्ञिकांनी इंग्लंडमधल्या जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचा फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स नेमका २२.३. अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. एवढ्या एका फोटोने काट्यावरचा विश्वास उडायला हवा होता.

पुण्याजवळच्या त्या सहा गावांतल्या आयांची बाळं कशामुळे बरी भरली, हेही त्या अभ्यासात निघालं: दूध, हिरव्या पालेभाज्या, फळं. औषधी कंपनीचं काही नाही.

पुण्याजवळच्या त्या गावांत आणि पोलादपूरच्या वाड्यांत सह्याद्रीच्या दोन बाजू एवढाच फरक आहे. बायका तशाच राबणाऱ्या, तशाच हडकुळ्या. पिढ्यान् पिढ्या टंचाईत घडलेला देह कमी स्नायू आणि राखून ठेवलेली चरबी घेऊन जन्मतो. त्याला चढण आणि नाचणी मिळाली तेव्हा तो निभावला. त्याच देहाला आता दुचाकी आणि पॉलिश तांदूळ मिळतो. अनुवंशाचाही यात वाटा आहे, पण जनुकं तीन पिढ्यांत बदलत नाहीत. ताट आणि कष्ट बदलले आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला, शहरांत १६.४ आणि खेड्यांत ८.९. इथवर शहर पुढे. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले, म्हणजे प्रीडायबेटिक, शहरांत १५.४ टक्के आणि खेड्यांत १५.२. उंबरठ्यावर खेडं शहराच्या बरोबरीला येऊन उभं आहे.

सरकारचं याकडे लक्ष नाही, असं म्हणता येणार नाही. आशाताई घरोघर फिरून तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात. वय विचारायचं, तंबाखू-दारू विचारायची, मेजपट्टीने कंबर मोजायची, व्यायाम किती, आईवडिलांना साखर होती का, असे गुण देत जायचं. चारपेक्षा जास्त गुण झाले की त्या माणसाला तपासणीला आधी पाठवायचं. कमरेचं माप पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८०, म्हणजे आपल्या देहयष्टीचा विचार करूनच ठरवलेलं. पण पस्तिशीतली, पंचेचाळीस किलोची, कंबर पंचाहत्तर भरणारी, दिवसभर राबणारी बाई या फॉर्मवर शून्याच्या आसपास राहते. ती जन्मली तेव्हा किती किलोची होती, हा प्रश्न त्या कागदावर नाही. पहिल्या बाळंतपणात साखर वाढली होती का, हाही नाही.

आणि एका हाताने कंबर मोजणारं सरकार दुसऱ्या हाताने काय देत आलं? २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ सुरू झाला तेव्हा शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ आणि एक लिटर पामतेल मिळालं. सणाला गरिबाघरी गोडधोड व्हावं, यात वावगं काही नाही, नाक मुरडणाऱ्यांनी स्वतःच्या घरचा फराळ आधी पाहावा. पण ती पिशवी ओट्यावर रिकामी करून पाहा. पामतेल पामिटिक घेऊनच येतं, साखर आणि रव्याचं ते यकृतात बनतं. चारांतली चणाडाळ तेवढी बाजूला काढता येते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं होऊ शकतं, तर कोकणातल्या रेशन दुकानात नाचणी का येऊ शकत नाही, आणि सणाच्या पिशवीत पामतेलाऐवजी शेंगदाण्याचं तेल का नाही? खर्च वाढेल, हे उत्तर ठरलेलं आहे. मधुमेहाने मूत्रपिंडं निकामी झाली की डायलिसिसचा खर्च कोण देतं, हा त्यावरचा प्रश्नही ठरलेलाच असायला हवा.

महाड आणि पोलादपूरच्या पंचायत समित्यांनी तीन गोष्टी स्वतःच्या बळावर कराव्यात. बाळाचं जन्मवजन माता-बाल कार्डावर लिहिलं जातंच. ते कार्ड पाच वर्षांनी रद्दीत जाऊ न देता शाळेच्या दाखल्यासोबत पुढे जावं. आणि गरोदरपणात साखर वाढलेल्या प्रत्येक बाईची तपासणी बाळंतपणानंतरही दरवर्षी व्हावी, तिची कंबर कितीही बारीक असो. तालुकावार आकडेही जाहीर व्हावेत. विंचवाच्या रुग्णांची एकेक नोंद ठेवूनच बावस्करांनी उपाय शोधला होता, आणि त्यांच्याकडे तेव्हा ग्रामीण आरोग्य केंद्रापलीकडे फारसं काही नव्हतं.

वाचकांना एवढंच सांगायचं आहे: तुम्ही तिशी ओलांडली असेल आणि ‘आपण कुठे जाड आहोत’ म्हणून तपासणी टाळत असाल, तर येत्या आठवड्यात उपाशीपोटी आरोग्य केंद्रात जा आणि साखर तपासून घ्या. घरातल्या बायकांना सोबत न्या. त्या स्वतःहून जाणार नाहीत.